लिंबाजीची जीभ

लिंबाजी जनावरांचे खाद्य खात असे. भुकेपोटी नव्हे, कामाचा भाग म्हणून. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी गंगाखेडला रेल्वे स्टेशनच्या मागे पशुखाद्य तयार करण्याचे एक सहकारी केंद्र निघाले. तेथील मजुरांचा तो मुकादम होता. एक घाणा, म्हणजे एका वेळी मिसळलेला माल, तयार झाला की तो हात धुई, चूळ भरी, चिमूटभर माल जिभेवर ठेवी आणि डोळे मिटून उभा राही. तोवर यंत्र बंद आणि बारा माणसे गप्प. मग तो मान हलवी किंवा थुंके. थुंकला तर सगळा घाणा पुन्हा फरशीवर पसरावा लागे.

मी तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. नोकरीला तीन वर्षे झाली होती. खाद्यात काय किती घालायचे ते प्रमाण मी ठरवून दिले होते: सरकीची पेंड, करडईची पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, ज्वारीचा भरडा, मळी, मीठ, खनिजे आणि थोडा युरिया. हे सर्व दाबून बोटाएवढ्या कांड्या पाडल्या जात. पहिल्या दिवशी लिंबाजीला चाखताना पाहून मी त्याला झापले. हे अशास्त्रीय आहे, असे सांगितले. त्याने शांतपणे तोंड पुसले आणि म्हणाला, "साहेब, आपलं गिऱ्हाईक मुकं हाय. वाईट माल गेला तर ते परत येऊन भांडत न्हाई, सरळ मरतंय. म्हणून त्याच्या वतीनं मी खायलो."

त्या दिवसानंतर मी त्याला अडवले नाही.

तो तेव्हा पंचेचाळिशीचा असावा. काळा, उंच, किंचित वाकलेला. सदरा नेहमी धुतलेला. पेंडीच्या धुळीत दिवसभर वावरून तो इतका स्वच्छ कसा राहतो, हे मला कळले नाही. त्याच्या खिशात एक छोटी वही असे. अक्षरे तो वयाच्या तिशीत, आपल्या मुलाच्या पुस्तकावरून शिकला होता. वहीत प्रत्येक घाण्याला एक शब्द लिहिलेला असे: 'बरा', 'खारट', 'सुस्त', 'गोड बोलतो'. शेवटचा शेरा मळी जास्त झालेल्या मालाला मिळे. "मळी लय झाली की वाईट पेंड बी गोड लागते," तो सांगे. "माणसात बी तसंच हाय."

एकदा एका व्यापाऱ्याकडून भुईमुगाच्या पेंडीचा ट्रक आला. पेंड दिसायला उत्तम होती. लिंबाजीने एक खडा फोडला, चघळला आणि लांब जाऊन थुंकला. आतून कडवट आहे, बुरशी धरली आहे, असे त्याचे म्हणणे. व्यापारी संतापला. मी नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवला आणि ट्रक अडवून ठेवला. अहवाल तीन आठवड्यांनी आला. पेंडीत बुरशीचे विष होते. मी तो अहवाल लिंबाजीला वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकला. मग म्हणाला, "चांगलं लिहिलंय. पण आपली जीभ पोस्टानं पाठवावी लागत न्हाई."

घरी या जिभेचा जाच होता. त्याची बायको गयाबाई केंद्रातच पोती शिवण्याचे काम करी. तिने एकदा माझ्याकडे रीतसर तक्रार केली. हा माणूस भाकरीचा तुकडा तोंडात घालून डोळे मिटतो, सगळे घर थांबते आणि मग पिठात मीठ किती कमी आहे ते सांगतो. तिने त्याला सुनावले होते की, तुमचं जेवण तिकडंच पोत्यात करत जा, मी बी एक भाकरी कमी थापीन. मी लिंबाजीला विचारले, खरे आहे का. तो म्हणाला, "खरं हाय साहेब. पण तिचा घाणा मी कधी परत केला न्हाई."

जिल्ह्याहून एक मोठे अधिकारी केंद्र पाहायला आले. चहा आला. बशीत बिस्किटांच्या शेजारी लिंबाजीने पाच कांड्या मांडल्या होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मला प्रथम खावी लागली. मग साहेबांनी एक कांडी उचलली, चहात बुडवली आणि अर्धी खाल्ली. बराच वेळ ते चावत होते. लिंबाजी अदबीने उभा होता. साहेबांनी गिळल्यावर तो म्हणाला, "म्हशीला एवढा वेळ लागत न्हाई." साहेब हसले. केंद्राचे पुढील वर्षाचे अनुदान मंजूर झाले. दोन्ही गोष्टींचा संबंध असेल असे मला वाटत नाही, पण मजुरांना तसे वाटे.

कांडी खपवणे मात्र सोपे नव्हते. शेतकऱ्याला पेंड म्हणजे पेंडच दिसली पाहिजे. यंत्रातून आलेल्या कांडीत काय दडवले आहे, असा प्रत्येकाचा प्रश्न. हाडाची पूड आहे, अशी आवई होती. लिंबाजी आठवडी बाजारात जाई, पोते सोडी, सर्वांसमोर कांडी खाई आणि हात झाडून उभा राही. तो कोणत्या समाजाचा हे सर्वांना माहीत होते. काही लोक त्यामुळेच घेत नसत. तो ते जाणून होता. याविषयी तो माझ्याशी एकदाच बोलला. त्याचा बाप गावातली मेलेली जनावरे ओढी आणि सोली. लिंबाजीही पंचविशीपर्यंत बापाबरोबर जाई. छप्पन साली धम्म स्वीकारला, त्या आठवड्यात बापाने सोलायची सुरी गंगेत फेकली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "पाणी लय होतं," लिंबाजी म्हणाला. "सुरी बुडाल्याचा आवाज बी आला न्हाई. बाप म्हणला, बरं झालं. तिनं उलटून बोलायला नको."

केंद्रातली ही नोकरी म्हणजे त्याच्या घराण्यात जिवंत जनावरासाठी मिळालेले पहिले काम होते. हे वाक्य माझे आहे. तो असे बोलत नसे.

राणीसावरगावच्या रस्त्यावर एका गावी भुजंगराव पाटील नावाचे मोठे शेतकरी होते. त्यांनी कांडी घेतली तर आसपासची दहा गावे घेतील, असा हिशेब होता. लिंबाजी त्यांच्याकडे चार खेपा गेला. पाचव्या खेपेला पाटलांनी पाच पोती घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की, पाटलांच्या दोन गाई आणि एक गोऱ्हा तासाभरात मेले.

मी जीपने निघालो. दवाखान्याचा परिचर रजेवर होता. हत्यारांची पेटी तोच सांभाळी, त्यामुळे घाईत ती राहून गेली. पोहोचलो तेव्हा मळ्यात पन्नास माणसे होती. तिन्ही जनावरे गोठ्यामागे पडली होती. पाटलांचे म्हणणे सरळ होते. इतकी वर्षे जनावरे धड होती, कांडी आली आणि मेली. गर्दीतून कोणी तरी म्हणाले की, कांडी बनवणारा कोण आहे ते पाहा. जनावराला विष घालून कातडे मिळवायचे हा त्यांचा जुना धंदा. पाटलांनी त्याला गप्प केले नाही. केंद्र बंद करण्यासाठी कलेक्टरकडे अर्ज देणार आणि लिंबाजीवर पोलिसांत फिर्याद करणार, असे त्यांनी मला सांगितले. उरलेली आठ जनावरे दावणीला हंबरत होती. त्यांना कांडी दाखवायची नाही, दुपारी चरायला सोडायची, असा हुकूम त्यांनी सालगड्याला दिला.

माझ्या मनात वेगळीच भीती होती. युरिया जास्त पडला असेल तर जनावर असेच झटपट मरते, आणि युरियाचे प्रमाण मी ठरवले होते. जनावर उघडून पाहणे भाग होते. गावातला कोणीही हात लावणार नव्हता. मी खिशातून कागद काढला आणि केंद्राच्या व्यवस्थापकाला चिठ्ठी लिहिली: 'लिंबाजीस दवाखान्यातील सुरीसह ताबडतोब पाठवावे.' चिठ्ठी घेऊन जीप परत गेली.

चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे मला लिहिताना जाणवले नाही. मेलेले जनावर कोणी कापायचे याविषयी पन्नास माणसांना जे वाटत होते तेच मी शाईने लिहिले होते.

ऊन चढल्यावर जीप आली. लिंबाजी उतरला. सदरा धुतलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली सुरी. तो गर्दीतून सरळ पाटलांच्या उघड्या पोत्याकडे गेला, मूठभर कांड्या घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. पाटील म्हणाले, "लिंब्या, माणसाला लागत न्हाई ते जनावराला लागतं. नाटक नको."

"बरोबर हाय पाटील," तो म्हणाला. "मी मालाची चव बघितली."

गर्दीतला तो कातड्याचा मुद्दा पुन्हा निघाला. लिंबाजीने त्या दिशेला न पाहता उत्तर दिले, "कातडं घ्यायचं आमी सोडलं त्याला वीस वर्सं झाली. तुमी आळ घ्यायचं अजून सोडलं न्हाई." दोघे-तिघे हसले. त्यांत पाटलांचा सालगडीही होता.

मग तो माझ्यासमोर आला. खिशातून चिठ्ठी काढून मला दाखवली, म्हणजे ती त्याने वाचली आहे हे मला कळावे. ती परत खिशात ठेवली. सुरी पुढे केली. मूठ माझ्याकडे होती.

"बांधलेली आणली, बांधलेलीच देतो," तो म्हणाला. "हात लावणार न्हाई साहेब. डोळे लावतो. तुमी कापा, मी सांगतो."

मी सुतळी सोडली. बाह्या दुमडल्या. महाविद्यालयात शवविच्छेदन शिकलो होतो, पण तेथे कापायला माणूस असे आणि आम्ही वहीत लिहीत असू. साहेब स्वतः खाली बसलेला पाहून गर्दी दोन पावले मागे सरली. लिंबाजी दहा हातांवर, वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले.

तेथून तो सांगत गेला. आवाज चढवला नाही. आधी रक्त पाहा, म्हणाला. मेलेल्या जनावराचे रक्त काळपट असते. हे लालभडक होते. मग मोठे पोट, डाव्या अंगाने. भोक पाडताच नाक जवळ न्या, नंतर वास उडतो. मी नेले. कडू बदामासारखा वास होता. मी तो पुस्तकात वाचला होता, घेतला नव्हता. युरियाचा वास वेगळा असतो, नाकात झोंबतो. तो नव्हता. मी सुटलो म्हणून उठू लागलो असणार, कारण लिंबाजी म्हणाला, "थांबा साहेब. अजून पाटलांना दिसलं न्हाई. पोटातलं मूठभर घमेल्यात काढा आणि पाणी ओता. आमचा बाप तसं करायचा."

सालगड्याने घमेले आणले. पाणी ओतले. थोडा चोथा तळाला बसला. वर तरंगली ती हिरवीगार, अर्धवट चावलेली पाती. मूठभर नव्हे, घमेले भरून.

"पाटील, हे बघा," लिंबाजी म्हणाला. "ज्वारी काढलेल्या वावरात फुटवा आलाय का?"

पाटलांनी सालगड्याकडे पाहिले. सालगड्याने मान खाली घातली. मग त्यानेच सांगितले. कापलेल्या ज्वारीच्या धसांना नवे कोंब फुटले होते, पाण्यावाचून वीतभर होऊन सुकत चालले होते. सकाळी ही तिघे दावे तोडून तिकडे गेली. अशा कोवळ्या, ताणलेल्या कोंबांत विष असते. आमच्या भागात त्याला किराळ लागणे म्हणतात, आणि हे प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असते. दावणीची आठ जनावरे दुपारी त्याच वावरात सोडायची होती. सालगडी कोणी न सांगता तिकडची वाट अडवायला पळाला.

एक प्रश्न उरला होता आणि तो लिंबाजीनेच विचारला. पाटलांची जनावरे दावे तोडणारी नव्हेत. पोट भरलेले जनावर कोंबासाठी धावत नाही. दावणीत कडबा का दिसत नाही?

पाटील म्हणाले, "तूच म्हणलास कांडीत समदं हाय. मग कडबा कशाला जाळायचा? औषधाच्या गोळ्या घेतल्यावर माणूस बी लंघन करतंय की."

हसू येण्यासारखे होते, पण कोणी हसले नाही. दोन दिवस त्या जनावरांना दोन-दोन शेर कांडी आणि पाणी, एवढेच मिळाले होते. भुकेल्या पोटी ती कोंबांवर तुटून पडली.

त्या क्षणी लिंबाजी जिंकला होता. तो केंद्राचा माणूस होता, विष पाटलांच्या वावरात सापडले होते, आणि चूक पाटलांच्या तोंडून निघाली होती. मी त्याच्या जागी असतो तर चार शब्द सुनावले असते. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं, कडबा बंद करू नका. पण एकदाच सांगितलं. चौथ्या खेपेला. पाचव्या खेपेला माल खपायच्या आनंदात सांगायचं राहिलं. तेवढं आमच्याकडनं चुकलं."

पाटलांनी अर्ज दिला नाही. फिर्याद केली नाही. क्षमाही मागितली नाही. ती त्यांच्या घराण्यात कोणाला येत नव्हती. सालगडी परतल्यावर त्यांनी त्याला माझ्या हातांवर पाणी घालायला सांगितले, आणि दुसरी घागर लिंबाजीपुढे ठेवायला लावली. त्याचे हात स्वच्छ होते. तरी त्याने ते धुतले.

परतताना जीपमध्ये मी मागे त्याच्या शेजारी बसलो. चिठ्ठीविषयी बोलायचे ठरवले होते. गंगाखेड आले तरी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो, तेव्हा तो हिशेबाच्या टेबलाजवळ उभा होता. मी म्हणालो, "लिंबाजीराव, बसा." त्याने मागे वळून पाहिले, कोण आले आहे म्हणून. गयाबाई पोती शिवता शिवता हसत राहिली. तिने त्या दिवसापासून घरी त्याला हाच मान द्यायला सुरुवात केली: लिंबाजीराव, बसा, लिंबाजीराव, मीठ बरोबर हाय का. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, बाहेर काय बी म्हणा. घरात महाग पडायलंय."

त्याची एकच मागणी होती. प्रत्येक पोत्यावर कांडीच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ छापावी. व्यवस्थापकांना ते पटेना; माल विकताना आपणच कडब्याची जाहिरात का करावी, असा त्यांचा मुद्दा. लिंबाजीने पत्र्याचा साचा स्वतः कापून आणला. अक्षरे किंचित तिरपी होती. 'कडबा बंद करू नये.' मी तो साचा मंजूर केला. केंद्र चालले तोवर ती ओळ तशीच तिरपी छापली गेली.

महिन्याभराने भुजंगराव पाटील बैलगाडी घेऊन केंद्रात आले. घाणा नुकताच निघाला होता. लिंबाजी डोळे मिटून उभा होता, म्हणून तेही उभे राहिले. त्याने मान हलवल्यावर त्यांनी स्वतः एक कांडी उचलून तोंडात घातली, खूप चावली आणि म्हणाले, "लिंबाजी, मीठ जरा जास्त हाय."

"पाटील, ते तुमच्या जिभेला," तो म्हणाला. "तुमच्या म्हशीला बरोबर लागतंय."

त्यांनी वीस पोती नेली.

माझी बदली झाली तेव्हा तो स्टेशनवर आला. गयाबाईने भाकरी दिल्या होत्या. गाडी लागल्यावर मी म्हणालो, "ती चिठ्ठी मी लिहायला नको होती." एवढे वाक्य जुळवायला मला दोन वर्षे लागली होती.

तो म्हणाला, "सुरी तुमी हातात घेतली न्हवं. जवाब झाला साहेब." मग भाकरीच्या फडक्याकडे बोट दाखवले. "आत कागदात पाच कांड्या बी हायत. अडचणीला."

मी त्यातील एक मनमाडला खाल्ली. मीठ बरोबर होते.

तो गेल्याचे त्याच्या मुलाने पत्राने कळवले. मुलगा तेव्हा पाथरीला शिक्षक होता. पत्र छोटे होते. शेवटच्या आठवड्यात वडिलांना चव लागत नव्हती, त्याचाच त्यांना राग होता, असे त्यात लिहिले होते. आजारपणात आई जे भरवी त्याला वडील न चाखताच 'बरा' म्हणत.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. दारात एक गाय आहे. नवे पोते आले की मी हात धुतो, चूळ भरतो आणि चिमूटभर जिभेवर ठेवतो. सुनेने प्रथम मुलाला फोन केला होता. आता तिला सवय झाली आहे. परवा एका पोत्यातला माल कडवट लागला. मी ते परत पाठवले. दुकानदार स्वतः आला. कंपनी मोठी आहे, म्हणाला. तुमच्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आहे का?

मी सांगितले, आहे.